बरी झाली म्हणून नाव खोडलं

शिवकन्येवर अन्याय झाला तो दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी, दुपारच्या चहाच्या वेळेला, बीड शहरातल्या एका भाड्याच्या कार्यालयात, पंख्याखाली. ती तिथं नव्हती. ती नांदूरघाटला आपल्या घरी होती आणि आपल्या नावावर रेघ मारली गेली हे तिला कुणी कळवलंही नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बरी झाली'. बाळंत होऊन तिला तेव्हा तीन आठवडे होत आले होते. संध्याकाळी ताप चढत होता आणि टाक्यांमुळे तिला बसता येत नव्हतं.

रेघ मारणाऱ्यानं काही खोटं केलं नाही. त्याच्यापुढं आकडे होते आणि आकडे बरोबर होते. म्हणून तर एवढं लांबण लावून लिहावं लागतंय. तो चोर असता तर मी पत्रक काढलं असतं. नाव, गाव, मागणी, खाली चार जणींच्या सह्या, आणि मोकळी झाले असते.

मी कराडची. बायकांच्या आरोग्यावर काम करणारा आमचा छोटा गट आहे, त्याची पत्रकं मी लिहिते. बीडला एका प्रकल्पात बाळंतपणानंतर बाई किती सावरली ते मोजायचं काम चाललं होतं. मोजायला फ्रान्समधल्या डॉक्टरांनी बनवलेली प्रश्नावली होती. ती तिकडून इंग्रजीत आली, इंग्रजीतून मराठीत आली, आणि मराठीत तिची अशी दशा झाली: 'गत चोवीस तासांत आपण स्वतःची शारीरिक स्वच्छता कितपत स्वावलंबनाने राखू शकलात?' हे वाक्य ओल्या बाळंतिणीला विचारायचं. मला फोन आला, तुम्ही सोपं लिहिता असं ऐकलंय, आठवडाभर या, बायका कुठं अडखळतात ते बघा आणि भाषा दुरुस्त करून द्या. मी लगेच हो म्हटलं. फ्रान्समधल्या बाळंतिणीला काय विचारतात हे जाणून घ्यायची मला भयंकर उत्सुकता होती.

बीड

आमच्याकडं कृष्णा-कोयनेचं पाणी. उसाच्या हिरव्या भिंतीपलीकडं काय आहे ते दिसत नाही. इथं सगळं दिसतं. सपाट माथ्याचे डोंगर, काढायला आलेलं सोयाबीन, मध्येच कापसाची पांढरी बोंडं, आणि त्यावर एवढं मोठं आकाश की सुरुवातीला मला कुठं बघावं तेच कळेना. आमच्याकडच्या वडापला, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपला, इथं काळीपिवळी म्हणतात. माणसं मात्र त्यात तितकीच कोंबतात.

कार्यालयात रिझवाना भेटली. गावोगाव जाऊन प्रश्न विचारायचं काम तिचं. बीडचीच, वयानं माझ्याएवढी, तोंडानं माझ्यापेक्षा तिखट. तिनं मला स्कूटीवर मागं बसवलं आणि विचारलं, "तू कराडची? म्हंजे आमचे लोक ऊस तोडायला येतात ते तुमच्याकडंच."

"हो."

"तरीच तुझं बोलनं वल्लं हाय. तुमच्याकडं पानी लई ना."

चहाच्या टपरीवर आम्ही भाषांतर काढून बसलो. एका ठिकाणी शॉवरसाठी 'तुषारस्नान' आलं तेव्हा रिझवाना कपाळाला हात लावून हसली. "ह्याला मी आजपत्तूर काय म्हनायचे म्हाईतेय? पावसात भिजता का म्हनून इचारायचे. बाया म्हनायच्या, बाळंतीण पावसात कशाला भिजंल, येडी हाय का."

प्रश्न खोडत खोडत मी रीत समजून घेतली. प्रत्येक उत्तराला शून्य ते दहा गुण. अंघोळ आपली आपण करता का, मनासारखं खाता का, बाळाला उचलता का, दुखण्यानं काम अडतं का, असे प्रश्न. बेरीज कमी भरली तर बाई अजून सावरलेली नाही, म्हणून प्रकल्पाच्या नर्सबाई दर आठवड्याला तिच्या घरी जाणार, गरज पडली तर गाडीनं दवाखान्यात नेणार. बेरीज जास्त भरली तर बाई बरी झाली, यादीतून सुटली. मला ते पटलं. आमच्या तालुक्यात तर एवढंही कुणी करत नाही.

नेकनूर

पहिली बाळंतीण पल्लवी. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. मागच्या खोलीच्या दाराला गोधडी टांगलेली, आत अंधार, सुंभाची बाज आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा टाकलेला. धुराचा तो वास नाकात शिरला आणि मला एकदम झोप यायला लागली. पल्लवीच्या कानांवर घट्ट रुमाल बांधलेला, अंगावर ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वेटर. तिची आई उशाशी, आजी पायथ्याशी, चुलती दारात. तिघींच्या पहाऱ्यात ती पोरगी एखाद्या राजकैद्यासारखी पडली होती.

रिझवानानं सुरुवात केली. "काल आपली आपण आंघूळ केली का?"

"आपली आपण कावून?" आई म्हणाली. "मी मेले का?"

"मावशी, तिला बोलू द्या."

"मला आई घालती आंघूळ," पल्लवी म्हणाली. "हाताला धरून न्हानीत नेती, पाटावर बसवती."

मी मध्ये तोंड घातलं. "समजा तू मनात आणलंस, तर जमेल?"

"मनात आनलं तर आई मारंल."

शून्य. पुढचा प्रश्न, मनासारखं खायला मिळतं का. पल्लवीचे डोळे भरून आले. "ताई, मला भजे खाऊ वाटायलेत. मिरचीचे. हे लोक नुस्ती बाजरीची भाकर, शेपू आन तूप देतात. खारीक-खोबऱ्याला तर मी इटले." इथंही शून्याच्या आसपास. बाळाला उचलून घेता का? आजी न्हाऊ घालते, चुलती झोपवते, पाजण्यापुरतं तेवढं हातात देतात. घरातली कामं करता का? हा प्रश्न ऐकून आई उठूनच उभी राहिली.

"सव्वा म्हैना व्हायच्या आत काम? तुमच्या कराडकडं लावत्यात का?"

मी सांगितलं की आमच्याकडंही सव्वा महिना असतोच, पण शेगडी आता बऱ्याच घरांतून गेली. डॉक्टर चालायला सांगतात म्हणून बायका लवकर उठतात.

"मंग तुमच्याकडच्या बायांच्या कंबरा दुखत आसतील." आजीनं निकाल दिला. माझ्या आईची दुखते.

जाताना आजीनं हातावर डिंकाचा लाडू ठेवला आणि बाजेवर टेकून खा म्हणाली. मी टेकले आणि ओढणीचं टोक शेगडीत गेलं. धूर दिसेपर्यंत चार बोटांचं भोक पडलं होतं. चुलतीनं ओढणी पायानं विझवली आणि पल्लवी, बहुधा आठवड्यात पहिल्यांदाच, पोट धरून हसली. "ताईला बी शेक लागला," म्हणाली.

निघताना मी तिला विचारलं, अगं पण तुला वाटतंय कसं? "झ्याक हाय की," ती म्हणाली. "नुस्ता कंटाळा आलाय."

बाहेर येऊन रिझवानानं बेरीज केली. पल्लवी फार वाईट अवस्थेत निघाली. "चला," स्कूटीला किक मारत रिझवाना म्हणाली, "कागदावर पोरगी मरायला टेकली."

नांदूरघाट

दुसऱ्या दिवशी शनिवारी नांदूरघाटला गेलो. मोठं गाव. पण दसरा तोंडावर आलेला, आणि गल्लीगल्लीत सामान बांधायची गडबड. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसमोर पत्र्याच्या पेट्या, गोणपाटं, ज्वारीची पोती बाहेर काढलेली. ही टोळी मी आजवर आमच्याकडं उतरतानाच बघितली होती. निघण्याची तयारी पहिल्यांदाच बघत होते. आमच्याकडं ती माणसं 'टोळी' असतात. इथं प्रत्येक पेटीमागं एक घर होतं, त्याला दार होतं, दारावर नाव रंगवलेलं होतं.

शिवकन्या त्यातल्याच एका घरात भेटली. बावीस-तेवीसची, उंच, हसरी. आढ्याला झोळी बांधून त्यात बाळ, आणि मोठी तीन वर्षांची मुलगी पायाशी. घरात दुसरं कुणी नाही. हे दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. माहेरची माणसं आधीच्या गाडीनं तोडीला गेलेली. नवरा बाळू टोळीच्या ठेकेदाराकडं, मुकादमाकडं, गेलेला, सासू कौसाबाई रोजानं सोयाबीन काढायला. शिवकन्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि झोळीची दोरी हलवत होती.

"बसा की," मी म्हटलं.

"तुमी बसा. मी बसले की उठू वाटत न्हाई."

तिच्यासारखी भराभर उत्तरं मी पूर्ण आठवड्यात ऐकली नाहीत.

"आंघूळ?"

"मीच करते."

"पाणी कोण देतं?"

"हापश्यावरून आनते, चुलीवर तापिवते, घेते."

"खाणं?"

"हाय ते खाते. मिरची, बेसन, सगळं चालतंय मला. पथ्य बिथ्य काय न्हाई."

"लेकराला उचलता?"

"उचलते, धुते, पाजते. हिला बी घेते कडंवर," मोठीच्या डोक्यावर टपली मारत ती म्हणाली.

"दुखतं का?"

"दुखतं की."

"दुखण्यानं काम अडतं का?"

"अडून कसं चालंल, ताई."

रिझवानानं माझ्याकडं बघितलं. कागदावर प्रश्न अडण्याचा होता, आणि काम अडत नव्हतं. दहा. शेवटचा प्रश्न मीच आदल्या दिवशी सोपा केला होता, घरातलं सगळं आपल्या हाताशी आहे असं वाटतं का. "माझ्याच हाताशी हाय," शिवकन्या हसून म्हणाली. "दुसरं हाय कोण इथं?" पुन्हा दहा.

मी खूश होते. एकही शब्द तिला अडला नव्हता, माझी भाषा चालली होती. तेवढ्यात कौसाबाई आली. काटकुळी, डोक्याला पदर गुंडाळलेला, अंगभर सोयाबीनचा भुसा. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "कागद भरून काय देनार हायत?" रिझवाना म्हणाली, नर्सबाई येतील. "येऊ द्या. पर दसऱ्याच्या आत या म्हनावं. मंग ही कुठं आन तुमी कुठं." सून तान्ह्याला घेऊन टोळीबरोबर निघणार, हे तिनं गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. मग कोरा चहा झाला, मूठभर शेंगा हातात पडल्या आणि आम्ही निघालो.

पुन्हा बीड

सोमवारी कार्यालयात संगणकावर बसणारे गृहस्थ नावं वाचत होते आणि मी चहाचा कप धरून ऐकत होते. पल्लवी, नेकनूर: गुण फार कमी, नर्सबाईंनी उद्याच जावं. शिवकन्या, नांदूरघाट: जवळजवळ पूर्ण गुण. रेघ.

"परत वाचा," मी म्हटलं.

त्यांनी परत वाचलं.

"नर्सबाई उद्या कुठं जाणार?"

"नेकनूरला."

"तिथं तीन बायका आणि एक शेगडी आधीच बसलीये. नर्सबाई बसणार कुठं?"

ते म्हणाले, मॅडम, मी फक्त बेरीज बघतो. मग मी आवाज चढवला. पत्रकवाल्यांना एक सवय असते, भिंतीला ऐकू जाईल असं बोलायची. भिंतीपलीकडं प्रकल्पाच्या डॉक्टर मॅडम बसत होत्या. त्या बाहेर आल्या, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला.

मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले. एकीला सगळं हातात मिळतंय म्हणून तिला शून्य. एकीला कुणीच नाही म्हणून तिला दहा. जिला बाळंतपण लाभलं ती आजारी ठरली, आणि जिला ते लाभलंच नाही ती बरी ठरली. हे मोजमाप आहे की थट्टा, असं मी विचारलं. आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहीत नाही.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. "प्रश्न आपल्याला बदलता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "भाषा बदल, म्हणूनच तुला बोलावलंय. प्रश्न सगळ्या देशांत तेच ठेवायचे, नाहीतर तुलना कशी करणार? आणि हे बघ, तिकडं हे प्रश्न दवाखान्यात विचारतात, बाई खाटेवर असताना. तिथं बाळंतिणीनं उठून स्वतः अंघोळ केली तर ती खरंच सावरलेली असते. तिला पाणी भरायचं नसतं, भाकरी थापायच्या नसतात. ताप, टाके बघायला नर्स असतेच, म्हणून ते प्रश्न त्यांनी यात घातलेच नाहीत."

"आणि इथं?"

"इथं आपण तोच कागद घरी नेला." त्यांनी शिवकन्येचा कागद उचलला. "ताप आहे का तिला?"

"ते विचारलं नाही. कागदावर नव्हतं."

"कागदावर नव्हतं म्हणून विचारलं नाहीस, आणि कागदाशीच भांडतेस." त्यांनी खणातून थर्मामीटर काढून माझ्या हातात दिला. "उद्या जा. ताप मोज. भांडण काय, परवाही करता येईल."

मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्या क्षणापासून मला मॅडम आवडायला लागल्या.

नांदूरघाट, पुन्हा

मंगळवारी जाताना स्कूटीचं मागचं चाक बसलं. पंक्चरवाला जेवायला गेलेला, तो येईपर्यंत आम्ही बाभळीखाली उभ्या. रिझवाना म्हणाली, "मी म्हैनाभर हे प्रश्न इचारायले. शिवकन्येसारख्या किती निघल्या आसतील, देव जाणे."

पोचलो तर शिवकन्या पेटी भरत होती. उकिडवी बसून एकेक भांडं चिंध्यांत गुंडाळत होती. मी या खेपेला कागद काढलाच नाही. जे डोक्यात होतं तेच विचारलं.

"शिवकन्या, तुझं काम आज कोण करतंय?"

"म्हंजी?"

"पाणी, भाकरी, झाडलोट, ही पेटी. तू बाळंतीण आहेस. तुझ्या वाटचं कोण करतंय?"

"माझं काम म्हंजी मीच की करनार." मग तिला हसू आलं. "ताई, तुमी शिकलेल्या, आन काय बी इचारायलात."

रिझवानानं थर्मामीटर लावला. ताप होता, चांगलाच. "उन्हानं आसंल," शिवकन्या म्हणाली. रिझवाना तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"टाके सुजलेत. बसताच येत न्हाई तिला. शनवारी चौकटीला टेकून बोलत व्हती ना, ते त्याच्यानं."

मी शनिवारी समोर बसून शेंगा खात होते.

कौसाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती, आम्हाला कळलंही नाही. पेटीपाशी परत आलेल्या सुनेला तिनं विचारलं, "मला कावून न्हाई सांगितलंस?"

इकडं सासूला आत्या म्हणतात. शिवकन्या म्हणाली, "सांगून काय व्हनार व्हतं, आत्या? तुमी सोयाबीनला जानार, हे मुकादमाकडं जानार. मंग भाकरी कोन टाकनार?"

कौसाबाईनं सुनेच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि उरलेली पेटी स्वतः भरायला बसली. भरता भरता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाळूच्या टायमाला मी उसाच्या फडातच व्हते. कोन इचारलं न्हाई. म्हनून मी बी हिला इचारलं न्हाई. इचारायचं आसतं हे ठावं पायजे ना."

मी वहिनीच्या बाळंतपणात आमच्या घरी किती माणसं राबली ते आठवत होते. तेव्हा आमच्या शेतात टोळी होती. आईनं त्यांना आणि आम्हाला एकाच वेळी शिरा केला होता, हे ती अजून अभिमानानं सांगते. टोळीत कुणी बाळंतीण होती का, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येणार नाही.

मॅडम येतात

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्वतःची गाडी घेऊन आल्या. तपासलं. टाक्यांत पू झाला होता. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, ड्रेसिंग कसं करायचं ते रिझवानाला दाखवलं. मग बाहेर येऊन, बाळू आणि कौसाबाई दोघांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दीड महिना वजन उचलायचं नाही. उसाची मोळी तर नाहीच नाही. तोडीला नेलंत तर तिथं दवाखाना शोधत फिराल."

बाळू वाईट माणूस नाही. बायकोकडं बघून त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. पण तो म्हणाला, "मॅडम, शनवारी गाडी हाय. मुकादम अर्धा कोयता घेत न्हाई." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक तोडतो, एक बांधते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर दिलेली असते, त्यामुळं एकटा माणूस त्या हिशेबात बसत नाही.

मला बोलायचं होतं. उचलीच्या पद्धतीवर माझ्याकडं दोन पत्रकं तयार आहेत. पण त्या अंगणात माझं पत्रक कुणाच्या कामाचं होतं?

कौसाबाई मॅडमसमोर येऊन बसली आणि तिनं हात पुढं केला.

"माझं बी बघा."

"तुम्हाला काय होतंय?"

"मला काय व्हत न्हाई. मी हिच्या जागी जानार. जाऊ शकते का तेवढं बघा."

मॅडमनी रक्तदाब घेतला. गुडघे दाबून बघितले. कौसाबाईनं ओठ आवळले. रक्तदाब वाढलेला होता. "रोज गोळी घ्यावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि गुडघे झिजलेत. मोळ्या बांधणं जमेल तुम्हाला?"

"जमंल का, असं मला आजपत्तूर कुनी इचारलं न्हाई," कौसाबाई म्हणाली. "गोळी द्या."

शिवकन्या आतून ओरडली, "आत्या, तुमी नगा जाऊ. मी जाते, मला जमतंय."

"गप पड," कौसाबाई म्हणाली. "तुला लई दहा-दहा मार्क पडलेत म्हनं. ऱ्हाऊ दे ते आता."

रिझवाना भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही.

शनिवार

मी एक दिवस जास्त राहिले. दसऱ्याला आपट्याची पानं वाटत नांदूरघाटभर फिरले, सात घरी चहा प्यायले आणि शेवटी पोट धरून बसले. कौसाबाईनं दोन दिवसांत जे करून ठेवलं ते मी बघून घेतलं. दोन घरं पलीकडं राहणाऱ्या आपल्या धाकट्या जावेला सांगून पाण्याची सोय केली. चुलतभावाची बाज मागून आणली. मॅडमनी बजावलं होतं की बंद खोलीत धूर नको, बाळाच्या छातीला त्रास होतो. म्हणून शेगडी दाराबाहेर पेटवून, फडकं गरम करून आत आणायचं ठरलं. ते धाकट्या जावेकडून स्वतःसमोर दोनदा करून घेतलं. शिवकन्या कानाला रुमाल बांधून बाजेवर पडली. अंगावर उन्हं येईपर्यंत झोपली. मोठी मुलगी सारखी येऊन आईला हात लावून बघत होती. आई दिवसा आडवी झालेली तिनं कधी पाहिली नव्हती.

सकाळी ट्रक आला. सामानावर गोणपाटं, गोणपाटांवर माणसं, आणि त्यांत कौसाबाई, गोळ्यांची पुडी कमरेला खोचलेली. मुकादमानं तिला खालीवर बघितलं आणि बाळूला म्हणाला, "म्हातारी आनलीस व्हय बे?" बाळू काही बोलायच्या आत कौसाबाई वरून म्हणाली, "मोळी बांधून दावते, मंग म्हातारी म्हन."

ट्रक हलला. मी हात केला. माझ्या धडपडीनं एक बाई ट्रकमधून उतरली होती आणि तिच्या जागी झिजल्या गुडघ्यांची दुसरी चढली होती. याला विजय म्हणायची माझी तयारी नाही. कुणी म्हणत असेल तर त्यानं एक दिवस मोळी बांधून बघावी.

शिवकन्येचं नाव मॅडमनी यादीत स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिलं. नर्सबाई आता तिच्याकडं जातात. टाके सुकलेत, ताप गेलाय, असं रिझवानानं फोनवर सांगितलं. फ्रान्सला पत्र गेलंय, उत्तर यायचंय. तोवर बीडमध्ये सगळ्यात आधी, मी शिवकन्येला विचारलेला तो एक प्रश्न जादा विचारतात आणि ताप मोजतात. त्या प्रश्नाला गुण नाहीत. बेरजेत तो धरत नाहीत. पण त्याच्या उत्तरावर नर्सबाईंनी कुठं जायचं ते ठरतं, आणि मला तेवढं पुरे आहे. जुन्या यादीत 'बरी झाली' म्हणून सुटलेल्या सगळ्या बायकांकडं रिझवाना पुन्हा जाते आहे. त्यातल्या ज्या टोळीबरोबर निघून गेल्या, त्यांच्या दारांना कुलपं आहेत.

त्या बायका आता तुमच्याकडं आहेत. कराड, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांनो, हे मी तुमच्यासाठी लिहिलंय. तुमच्या रानात, कारखान्याच्या रस्त्याला, ओढ्याकाठी पाचटाच्या कोप्या, त्यांच्या झोपड्या, उभ्या राहिल्या आहेत. उद्या सकाळी, टोळी फडात जायच्या आधी, तिथवर चालत जा. पुरुष असाल तर घरातल्या बाईला बरोबर घ्या. टोळीत कुणी ओली बाळंतीण आहे का, विचारा. असली तर 'बरी आहेस ना' असं विचारू नका, ती हो म्हणेल. 'तुझं काम आज कोण करतंय?' असं विचारा. ती 'मीच' म्हणाली, तर त्याच दिवशी आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंना तिथं घेऊन या, आणि त्या ताप मोजून टाके बघेपर्यंत कोपीसमोरून हलू नका.